चंद्राची फेरी

९ जानेवारी २०१२, पेण
सकाळी रोह्याहून सुलभाचा फोन. धाकट्या भावाची ही मुलगी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते; नोकरी अजून तात्पुरती. शुक्रवारी तपासणीचे साहेब पाठ बघणार, त्यावर कायम होणं ठरेल. विषय उपग्रहांच्या कक्षा. "काका, कक्षेच्या नियमावर तुम्ही रचून दिलेला श्लोक पोरांना पाठ झालाय. यान वर नेलं की फेरी किती लांबते, ते आता त्यावरूनच काढतील."
दिवसभर तरंगत होतो. आमचे गुरुजी नद्यासुद्धा चालीत म्हणून घेत. चिंचेखालचा तो वर्ग...

१० जाने.
हिला श्लोक ऐकवला :
अंतराचा करा वर्ग, काळाचा घन तो असे.
म्हणाली, "आपल्या चंद्राचं काढा की."
जवळचा उपग्रह दीड तासात फिरतो. पृथ्वीच्या मध्यापासून चंद्र त्याच्या सुमारे साठपट लांब. उत्तर आलं तेवीस तास.
परत काढलं. तेवीसच.
"म्हंजे पुनव-अवस एका दिवसात? रोज संकष्टी? मी नाय उपास धरणार. आपल्या गणपतीच्या मूर्तीवाल्यांची मात्र चंगळ हाय."
घन अंतराचा, वर्ग काळाचा. हे मला पक्कं ठाऊक. पण 'करा घन' म्हणताना चाल लंगडायची, म्हणून गेल्या महिन्यात अदलाबदल केली. कानाला गोड लागलं. ताळा केलाच नाही. मी.

११ जाने.
रोह्याला जाऊन आलो. नवा श्लोक गाडीत जुळवला :
घन घ्या अंतराचा, तो काळाचा वर्ग होतसे.
सुलभा पांढरीफटक. "साहेबांनी एक उदाहरण घातलं की संपलं, काका."
वर्गात अर्धी पोरं नवा म्हणाली, अर्धी जुना. शबाना म्हणून एक चुणचुणीत मुलगी : "आजोबा, जुनाच बेस व्हता. ह्यो तोंडात अडकतो."
सुलभाने विचारलं, "श्लोकच गाळू का?"
हो म्हणायला हवं होतं. नव्या श्लोकाचा कागद तिच्या हातात ठेवला.

१३ जाने., रोहा
शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. साहेब आत, शेवटच्या बाकावर. सुलभाने फळ्यावर पृथ्वी काढली, लांबवर चंद्र. श्लोक गाळलेला नाही. माझ्यासाठीच बहुतेक.
साहेब : "श्लोक आहे म्हणे. होऊन जाऊ दे."
बाकं वाजली. पोरं उभी राहिली. आता पहिला शब्द 'घन' येतो की 'अंतराचा'...