दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, खाली सही करणारी, वय अंदाजे एकाहत्तर, धंदा हापसे दुरुस्तीचा, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी भरीला न घालता हे लिहून ठेवते. (डोक्याबद्दल सुनेला विचारू नये.) पूर्वी अंगठाच उठवायचे. संस्थेच्या ताईंनी चाळिशीत सही शिकवली, म्हणून आता जागा दिसेल तिथं करते.

एक. घर दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं. पुढची खोली मात्र बायकांच्या गटाची. संस्थेनं आम्हांला हापशाचं काम तिथंच शिकवलं. तेव्हा सासरे म्हणाले होते, "बायका हापसा खोलणार, मग पाणी काय आम्ही भरायचं?" भरलं की पुढे! धाकटा परवा म्हणतो, "आई, मग पाहुणे बसवायचे कुठं?" म्हटलं, "त्या खोलीत कुणी बसलंय कधी? आला तो कामाला लागला."

दोन. लुगडी आणि कपाट सुनेला. तिनं माझी बडबड सोसली.

तीन. मोठा पाना नातीला. परवा तिनं एकटीनं वॉशर बदलला आणि पाणी आल्यावर अशी हसली, की माझं सोनं झालं. पण नुसत्या पान्यानं भागत नाही. पाइप उतरवायला दोघी लागतात. मी वर पान्यात पाइप पकडून "धरलं" म्हणायचं, मग जोडीदारणीनं "सोडते गं" म्हणून खालचा चिमटा ढिला करायचा. गावं आम्हांला पाना आणि चिमटाच म्हणायची. बावीस वर्षं एका सायकलवर हिंडलो. अजून पाइप उचलला की तोंडातून "धरलं" जातं, आणि मी कान देऊन उभी राहते.

चार. हे कुणाला ठाऊक नाही. शाळेजवळच्या हापशाचे सगळे पाइप सुटून बोअरमध्ये पडले, तेव्हा मी चारचौघांत जोडीदारणीला म्हणाले, "हात आहेत की लाकडं?" ती महिन्याभरात लेकाकडे शहरात गेली, चिमटा घेऊन. खरं असं, की पाना बसलाच नव्हता. गप्पांच्या नादात मी आधीच "धरलं" म्हणून गेले. चूक माझी. नऊ वर्षं गिळून बसले. माझ्या घरात तिचं म्हणून एवढं खरंच काय ते पडून आहे, ते तिला परत.

साक्षीदार पहिली: संस्थेच्या ताई. (सही केली.)

साक्षीदार दुसरी:

वकीलबाई म्हणतात, "आजी, शेजारणीची घ्या ना सही, दोन सह्यांशिवाय कागद पुरा होत नाही." नाही घेणार. नातीनं चिमट्याला फोन लावला होता. पलीकडून एवढंच आलं, "पान्याला गंज चढला असेल." मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तेव्हापासून पान्याला रोज तेल लावते. तिनं समोर बसून हा कागद वाचावा, पोटभर शिव्या द्याव्यात, मग सही करावी. तोवर मला मरायला सवड नाही.

ठिकाण: पुढची खोली.
तारीख: ती आली की घालू.