सात्यांच्या फोटोतला हात

रविवार, संध्याकाळ. बेसा

ठरलं, प्रदर्शनाला हाच फोटो जाणार. हातासकट.

सकाळी जंगलात वारुळावर सात्या, म्हणजे पावसाळी रानअळंब्या, उगवल्या होत्या. भाजीसाठी माझ्या बायकोला, सुमनला, मिटलेल्या हव्या, मला उघडलेली. तिच्या छत्रीखालच्या रेघा काळ्या-पांढऱ्यातच खुलतात. मी चिखलात पालथा पडून नेम धरला, आणि ऐनवेळी बायकोचा हात मध्ये! चिडलोच.

आता फोटो बघून तीच म्हणते, "अहो, माझा हात काहून ठेवला? किती सुरकुतलेला दिसून राहिला! कापून टाका ना."

कापू कसा? रंगीत असता तर नुसत्या हिरव्या बांगड्या दिसल्या असत्या. इथे बोटांच्या रेघा आणि छत्रीच्या रेघा शेजारी शेजारी. शिवाय मोठा करून पाहिला. तो हात काही खुडत नव्हता. माझी कललेली छत्री सावरून धरत होता.