चौलच्या स्टेडियमबद्दल माझं मत

सोमवार, ५ जानेवारी
चौलवाल्यांचं स्टेडियम तयार झालं. फोटो पाहिले. हिरवं प्लास्टिक, लाइटचे उंच खांब आणि बसायला निळ्या खुर्च्या. फुटबॉल बसून बघायचा? लग्न आहे का?

ग्रुपवर जाहीर करून टाकलं. दर्यासारंग क्लब, थळ, याचा एकही खरा सपोर्टर त्या प्लास्टिकवर पाय ठेवणार नाही. मी स्वतः तर मेलो तरी नाही. भराभर अंगठे आले. थळ माझ्या मागे आहे.

मकसूदचा अंगठा आला नाही. नेट पॅक संपला असेल.

गुरुवार, ८ जानेवारी
मकसूदच्या दुकानात गेलो. नाक्यावरचं कापडाचं दुकान, आवरायला काढलंय. रेहानाभाभी गेल्यापासून तो एकटाच असतो. आता लेक तस्नीम पनवेलला घेऊन जातेय, फेब्रुवारी लागला की. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला वाळूत चालता येत नाही, त्यामुळे गेला सीझनभर मॅचला माझ्या बाजूला नव्हता. आम्ही शाळेपासून एकाच जागी उभे राहून मॅच बघतो, पाण्याच्या कडेला. याही सीझनला तो विश्रांती घेतोय एवढंच.

मी म्हणालो, पनवेल म्हणजे काय रे, हाकेवर तर आहे. तो म्हणाला, मग मारून बघ हाक.

मला विशेष काही वाटलं नाही. माणसं जातात, येतात. घरी जेवलो नाही, पण ते ॲसिडिटीमुळे.

रविवार, ११ जानेवारी
घात झाला. नलू स्टेडियमला जाऊन आली. बायको माझी! महिला मंडळाची गाडी चौलला रामेश्वराच्या दर्शनाला गेली होती, येताना सगळ्या आत शिरल्या. मुलींची मॅच चालू होती. अख्खी बघितली म्हणे.

मी विचारलं, इतकी वर्षं झाली लग्नाला, थळच्या किनाऱ्यावर एकदा तरी आलीस का मॅचला? ती म्हणाली, येऊन बसू कुठं? आन बाथरूमला जाऊ कुठं, दर्यान? तिथं बाथरूम हाय, स्वच्छ हाय, आतून कडी बी लागते. वर म्हणाली की तुम्ही घरात टीव्हीवर ओरडता ते ऑफसाइड काय असतं, ते आज समजलं. एवढं काय अवघड न्हाय.

माझ्याकडे उत्तर होतं. पण तिला भात लावायचा होता.

रविवार, १८ जानेवारी. अमावास्या
चौलबरोबरच्या दोन मॅचमधला पहिला लेग आमच्या किनाऱ्यावर. १-१.

पत्रकात वेळ चारची. सुरू झाली साडेपाचला, कारण पाणी तेव्हा उतरलं. आमच्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही. पत्रकात मी दरवेळी चारच छापतो, काहीतरी छापायला हवं म्हणून. खरी वेळ तिथी सांगते. अवस-पुनवेला पाणी संध्याकाळी उतरतं, अष्टमीला दुपारी. पाणी उतरलं की ओल्या वाळूवर गोलचे बांबू रोवायचे. हे सगळं तोंडपाठ असलेला क्लबात मी एकटा उरलोय, पोरं मोबाइलमध्ये बघतात. चौलवाले पण बरोबर साडेपाचलाच आले. स्टेडियम बांधलं तरी रक्त किनाऱ्याचंच.

आमचा गोल बघण्यासारखा होता. त्यांच्या गोलकीपरने पायाशी खेकडा बघून पाय उचलला आणि बॉल खालून गेला. गोल तो गोल.

मकसूद लांब रस्त्याच्या कट्ट्यावर बसून बघत होता. गोल झाल्यावर सवयीने मी बाजूला वळून मिठी मारली. ज्याला मारली तो चौलचा निघाला.

मंगळवार, २० जानेवारी
मकसूदने विषय काढला. दुसरा लेग एक फेब्रुवारीला, चौलला. तो म्हणाला, काळू, दोन खुर्च्या सांगून ठेवतो, बाजूबाजूला. दोन तारखेला तस्नीम टेम्पो घेऊन येतेय सामानासाठी. त्याच्या आधी एक मॅच बघू यार, दोघं. माझ्याच्यानं आता उभं नाय राहवत.

मी म्हणालो, मकसूद, तत्त्वाचा प्रश्न आहे. मी ग्रुपवर लिहून बसलोय.

तो म्हणाला, बरं.

मकसूद वाद घालतो, शिव्या देतो, रेफ्रीच्या खानदानापर्यंत जातो. बरं म्हणत नाही. हे बरं मला अजिबात आवडलं नाही. दिवसभर डोक्यात तेच.

ठरवलं की तत्त्व सोडायचं नाही. मी तिकडे जायच्याऐवजी मकसूदलाच किनाऱ्यावर आणायचं. खुर्ची घालून.

शुक्रवार, २३ जानेवारी
घरची प्लास्टिकची खुर्ची किनाऱ्यावर नेऊन ट्रायल घेतली. स्वतः बसून. मागचे दोन पाय वाळूत गेले आणि मी उताणा, आकाशाकडे बघत. एक कुत्रा येऊन हुंगून गेला. ट्रायल एकंदरीत यशस्वी. फक्त खुर्ची बदलावी लागेल, आणि जागा.

नलू म्हणाली, मॅच चौलला हाय ना? मग खुर्ची थळला घालून मकसूदभाई काय दर्या बघत बसनार? मुद्दा गौण आहे.

सोमवार, २६ जानेवारी
झेंडावंदन करून आलो तर ग्रुप पेटलेला. निकेत आमचा कॅप्टन, आणि ग्रुपचा ॲडमिनही तोच. त्याने लिहिलं की जे जे चौलचं स्टेडियम बघून आले त्यांनी आपलं मत लिहा, आपल्याकडेही असं काही हवं का ते कमिटीसमोर ठेवू.

मला वाटलं, कोण लिहिणार? बघतो तर ज्यांनी मला अंगठे दिले ते सगळे जाऊन आलेले! मतं: पाठ टेकता येते. बॉल सरळ जातो. स्कोअर बोर्डावर दिसतो, भांडावं लागत नाही. चहा बरा आहे. आईला घेऊन गेलो, ती पहिल्यांदाच मॅचला आली. एकाने तर लिहिलं की तिथे हरलो तरी पाहुणचार झाल्यासारखं वाटतं. लाज आहे की नाही?

मी लिहिलं: त्या स्टेडियमला आत्मा नाही.

निकेतने विचारलं, काका, तुम्ही कधी गेलेलात?

ग्रुप म्यूट केला.

बुधवार, २८ जानेवारी
काल दुकानावरून गेलो तर मकसूद आतल्या रिकाम्या फळ्या पुसत होता. माल गेलेला. फळ्या कोणासाठी पुसतोय, विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. रात्रभर झोप लागली नाही. डास.

सकाळी विचार करून माझ्या निर्णयाचा विस्तार केला. पाय ठेवणं वेगळं आणि निरीक्षणाला जाणं वेगळं. क्लबाच्या जुन्या माणसाने दुसऱ्यांची तयारी बघून यायलाच हवी. याला कोणी माघार म्हणू नये. अजून कोणी म्हटलेलं नाही, कारण मी फक्त मकसूदला सांगितलं.

तो हसला. माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. म्हणाला, मी भाच्याच्या रिक्षातून आधीच जातो, पायऱ्या चढायला वेळ लागतो मला. खुर्च्या धरून ठेवतो. तू ढोल घेऊन टेम्पोतून ये सगळ्यांबरोबर. पण वेळेवर ये रे, काळू.

मी म्हणालो, थळमध्ये मॅचची वेळ कोण सांगतं? तो म्हणाला, तू. मी म्हणालो, झालं तर मग.

खूप बरं वाटलं. दोन वेळा भात घेतला.

शनिवार, ३१ जानेवारी
सगळी तयारी माझ्या अंगावर घेतली. ग्रुपवर लिहिलं: उद्या पुनव. पाणी सहाच्या सुमाराला उतरेल. टेम्पो क्लबापासून पाचला सुटेल. घाई नको.

निकेतने लिहिलं, काका, किक-ऑफ चारला हाय. मी लिहिलं, बाळा, ते चार मी चाळीस वर्षं छापतोय. त्यावर कोणी काही लिहिलं नाही. पटलं.

नलू म्हणाली, आमी बायका तीनलाच निघनार. बायका कुठेही लवकरच जातात.

पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. मकसूदला आवडतात म्हणून नलूकडून घावन करून घेणार आहे. पनवेलला कोण देणार त्याला घावन? उद्या त्याच्याशी नीट बोलायचं. म्हणजे असं काही नाही, पण तू गेल्यावर मला करमणार नाही, एवढं तरी सांगायचं. हाफ टाइमला सांगेन.

रविवार, १ फेब्रुवारी. पुनव
दुपारी जरा पडलो, संध्याकाळी ओरडायला आवाज राहावा म्हणून. उठलो तर फोनवर मकसूदचे, नलूचे मिस्ड कॉल. जागा मिळाली हे सांगायला केले असतील. पाचला टेम्पोत मी, ढोल आणि ड्रायव्हर. बाकीचे पोहोचलेच नाहीत. शिस्त नाही.

अलिबागला टुरिस्टच्या गाड्या. चौलला पोहोचलो तर खांबांवरचे लाइट लागलेले आणि माणसं बाहेर येत होती. मला वाटलं, एवढी माणसं चहाला? एकाला विचारलं, सुरू कधी होणार? तो चौलचा होता, पण चांगला माणूस. म्हणाला, काका, संपली. तुमची पोरं जिंकली, एक शून्य.

ढोल खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिलो.

प्लास्टिकला कुठली ओहोटी? तिथे चार म्हणजे चार. मला हे माहीत नव्हतं असं नाही. कोणी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. पण पुनव म्हटल्यावर डोक्यात पाणी आलं, आणि पाण्याच्या पुढे काही आलंच नाही. निकेतने सांगितलं होतं. गेटवरच्या बोर्डावर लिहिलं होतं.

वॉचमन गेट लावत होता. मकसूद निघून गेला असणार, मगरिबच्या नमाजाच्या आत घर गाठायचं म्हणून. फोन करायला काढला आणि परत खिशात टाकला.

येताना टेम्पोत ठरवलं. उद्या सांगायचं की गर्दीत तुझ्यापर्यंत येता आलं नाही, म्हणून समोरच्या स्टँडमध्ये बसून बघितली. मॅच आपण जिंकलो आहोत, त्यामुळे कौतुकच करायचंय. यात कोणाचं काही जात नाही.

घावन ड्रायव्हरने खाल्ले.

सोमवार, २ फेब्रुवारी
सकाळीच नाक्यावर गेलो. तस्नीमचा टेम्पो भरून तयार. मकसूद दुकानासमोर स्टुलावर बसलेला. मी लांबूनच सुरू झालो. काय मॅच झाली रे! समोरच्या स्टँडमधून तर असा गोल दिसला की बास. मावळतीचं ऊन डोळ्यावर येत होतं तेवढंच. आपला बॅक काय खेळला! मी बोलत राहिलो आणि तो ऐकत राहिला. मला थांबवलं नाही त्याने.

मग म्हणाला, काळू, समोर स्टँड नाय. समोर जाळी हाय, आणि तिच्यामागं सुपारीची वाडी.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

तो म्हणाला, तुझी खुर्ची मी शेवटपर्यंत धरून ठेवली. पिशवी ठेवलेली वर. गर्दी मरणाची. लोक येऊन विचारत होते, चाचा, कोण हाय का इथं? मी सांगत होतो, माझा माणूस येतोय. हाफ टाइमनंतर पण तेच सांगितलं. गोल झाला तेव्हा सगळे उठले. मला गुडघा उठू देईना, हात धरायला बाजूला कोण नव्हतं. मग बसूनच टाळ्या वाजवल्या.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. आम्ही भांडलो असतो, दुपारपर्यंत मिटलं असतं. तो रागावला नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, चल, उशीर होतोय. तस्नीम म्हणाली, चाचा, या हां पनवेलला. मी हो हो म्हणालो. करमणार नाही, ते सांगायचं होतं. टेम्पोचा दरवाजा लागला.

दुकानाचं शटर अर्धं वर राहिलं होतं. ते मी ओढून खाली केलं. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय. याच्यावर काय करायचं ते मला सुचलेलं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर निकेतचा मेसेज. कमिटीची मीटिंग आहे, सगळ्यांची मतं आली, काका, फक्त तुमचं राहिलं.

मी लिहिलं: मी आत गेलो नाही. भिंत बाहेरून पाहिली. चांगली आहे.

बराच वेळ फोन हातात घेऊन बसलो होतो. ग्रुपवर कोणी हसलंसुद्धा नाही.