सिंकपुढची फरशी

३ जून
चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.
ऑपरेशनला पंधरवडा झाला. गुडघ्याची सूज उतरली. तू प्रयोगशाळेत पाच आठवडे माझ्याच पेशी वाढवल्यास आणि डॉक्टरांनी त्या झिजलेल्या कूर्चेच्या जागी बसवल्या, हे मी आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवतो. तुझी वहिनी कंटाळली आहे. सहा आठवडे डाव्या पायावर भार नाही म्हणजे नाही, ही तुझी चिठ्ठी तिने कपाटावर चिकटवली आहे.
तीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, आता पडल्यापडल्या स्वतःच्या घराचं छत बघतोय. गुडघा धरला तर पुन्हा हातात थापी घेईन. नाहीतर दुकानात बसून फरश्या विकायच्या, आणि बसवायच्या दुसऱ्यांनी. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.
यजमानांना नमस्कार. माया आहेच, तुझ्याकडूनही कमी पडू देऊ नकोस.
दादा

९ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
पत्र वाचून हायसं वाटलं. तुझ्या कमरेच्या हाडातल्या चमचाभर मज्जेतून मूळ पेशी वेगळ्या केल्या, त्या वाढवल्या, त्यांना दिवसाआड खाद्य घातलं. त्या पाच आठवड्यांत मी एकही रविवार घरी नव्हते. हे म्हणायचे, पोटच्या पोरांचेही कुणी एवढे लाड करत नाही. तेव्हा गुमान पडून राहा. हा उपचार अजून चाचणीत आहे, आणि त्यात एका माणसाला एकदाच संधी मिळते.
आता तुला चिडवायला एक बातमी. बारा वर्षांपूर्वी तू आमच्या स्वयंपाकघरात बसवलेली सिंकपुढची फरशी हलायला लागली. ह्यांनी टाच आपटून मला ऐकवलं, चक्क पोकळ वाजते. म्हणाले, हे तुझ्या दादाचं काम. आता बोल.
सतरा तारखेला तू तपासणीला येशील तेव्हा मी ड्यूटीवर असेन. किल्ली शेजारी ठेवते, जेवण झाकून ठेवते. बस येईपर्यंत आडवा हो.
वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ सोडू नकोस.
ठमी

२० जून
चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.
तपासणी झाली, डॉक्टर खूश दिसले. मग तुझ्याकडे दोन तास होतो. भाजी छान झाली होती.
परवापासून गुडघा थोडा ठणकतोय, प्रवासानं असेल. वहिनीला बोललो नाही, तूही बोलू नकोस. आणि तुझ्या यजमानांना सांग, सिंकपुढे आता हवी तेवढी टाच आपटा.
दादा

१२ जुलै
ती. दादास,
सा. न. वि. वि.
काल तुझा नवा स्कॅन पाहिला. बसवलेला थर सुटून आला आहे. तू डॉक्टरांना सांगितलंस ते त्यांनी मला सांगितलं. सतरा तारखेला माझ्या घरी उजव्या गुडघ्यावर बसून ती फरशी बसवायचं ठरवलं होतंस, पण फरशी दाबताना सवयीनं डावा टेकला, आणि ते तुला फरशी बसल्यावर कळलं.
मला तुझा खूप राग आला आहे, दादा. ह्यांच्या एका बोलण्यासाठी तू माझे पाच आठवडे आणि स्वतःचा पाय घालवलास, वर मला प्रवासाचं कारण लिहिलंस. आणि ते बोलणं तुला कळवलं मी. तुझा स्वभाव मला जन्मापासून माहीत, तरी मला थट्टा सुचली. त्याचाही राग आहे, तो कुणावर काढू?
पुन्हा संधी द्या म्हणून मी साहेबांच्या पाया पडायची बाकी राहिले. नियम आहे, म्हणाले. उरलेल्या पेशी टाकून देताना सही माझीच लागली.
वहिनीनं कळवलं, सोमवारपासून तू फरश्यांच्या दुकानात बसणार. ह्यांनी काल फरशीवर टाच आपटून पाहिली. म्हणाले, काम मात्र पक्कं झालंय. हल्ली मी सिंकच्या बाजूला तिरकी उभी राहून भांडी घासते. त्या फरशीवर पाय ठेववत नाही.
लोभ मागायला तोंड उरलं नाही, तरी मागते.
ठमी