भूमिकेला दिलेलं पाकीट

२ ऑगस्ट १९९६, शुक्रवार
मूल लांबवायच्या गोळ्या मागायला गेले, तर डॉ. अहल्यांनी आज प्रश्नांचा भडिमार केला! बीपी आहे? पोटरी सुजते? सिगारेट? डोकं दुखताना डोळ्यांपुढे चमचमतं? नाही, नाही, नाही! माझ्या बाबांनी सुधींद्रच्या स्थळाचीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती. वर म्हणतात — "या गोळ्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत हं." प्रसाद आहे का वाटायला!

दोन महिन्यांच्या गोळ्यांची दोन पाकिटं पेटीत, साड्यांखाली. सुधींद्रला माहीत आहे. सासूबाईंना कळलं तर घर डोक्यावर घेतील. लग्नाला दहा महिने झाले नाहीत, बाईंनी नातवाचं नावसुद्धा ठरवून ठेवलंय.

६ ऑगस्ट
माझी नणंद भूमिका पुन्हा खोलीत अंधार करून पडली. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणे. भांडी घासायच्या वेळेलाच बरे चमकतात!

९ ऑगस्ट
वरमहालक्ष्मीची पूजा तेवीसला. सासूबाई भूमिकेला — "त्या दिवशी बाजूला बसू नकोस बघ. पंचवीस सवाष्णी येणार, मला स्वल्प मदत नको का?" जणू पाळीची तारीख पोरीच्या हातात आहे! घराणं तीनशे वर्षं बंगळूरचं. अक्कलही तेवढीच जुनी.

१३ ऑगस्ट
भूमिका दार लावून आत आली. "वैनी, गोळी खाल्ली की तारीख फुडं जाते ना? तुमच्याकडं आहेत की, साड्यांखाली." म्हणजे हिने माझी पेटी उचकली! शिवाप्पाच्या औषधाच्या दुकानात गोळ्या मागायला मात्र लाज वाटते. "मी अम्माला सांगायची नाही," म्हणाली. आगाऊ कुठली!

तिचं तोंड बंद राहायला हवं. दुसरं पाकीट काढून दिलं. "रोज एक. मधे सोडायची नाही." झालं! डॉक्टरीणबाईंना याच कामाला अर्धा तास लागला होता.

२० ऑगस्ट
भूमिका बाईसाहेबांचं डोकं आता रोज दुखतं. फराळाचं सगळं माझ्या गळ्यात!

२३ ऑगस्ट
पाळी आली नाही. पूजा थाटात. सासूबाई खूश.

सवाष्णींना कुंकू लावताना भूमिकेच्या हातून ताट पडलं. "धांदरट!" मी सगळ्यांदेखत म्हणाले. ती वाकली नाही. नुसती बघत राहिली. उजवा हात उचलवतच नव्हता तिला.

२४ ऑगस्ट
हॉस्पिटल. भूमिकेची उजवी बाजू लुळी, मेंदूत रक्ताची गाठ. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या. भूमिकेने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वाकड्या तोंडाने एकेक अक्षर ओढत म्हणाली, "काही... नाही." मला सांभाळून घेत होती ती! मला! मी पुढे झाले आणि सासूबाईंसमोर सगळं सांगितलं.