तीन महिन्यांचा परवाना

प्रिय चिमणे,

हे पत्र तुझ्याआधी इथले साहेब वाचतील. तसं त्यांनीच सांगितलंय, त्यामुळे आता लपवाछपवी उरली नाही. एका परीने बरंच झालं. खोटं बोलायचाही कंटाळा येतो गं.

चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली म्हणून मी निघाले, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. नोकरी खरीच होती. काचा घासणं, फ्रेमचे स्क्रू पिळणं, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणं, यात सतरा वर्षं गेली. पण मला इथे धाडलं होतं आपल्या एका सरकारी खात्याने, दुसऱ्याच नावाने. रस्त्यापलीकडे इथल्या सैन्याची कचेरी. तिथले अधिकारी नंबर काढायला येत आणि खुर्चीत बसून आपसात बोलत. ते ऐकायचं आणि कळवायचं. चष्मे पुसणाऱ्या बाईकडे कोण बघतं?

सहाव्या वर्षी या साहेबांनी बघितलं; परक्या हेरांवर नजर ठेवणं हेच त्यांचं काम. मला वाटलं, संपलं. तर हा माणूस शांतपणे म्हणाला, "तुम्हाला आत टाकलं तर तुमच्या जागी नवं कोणीतरी येईल. त्याला शोधत कोण बसेल? त्यापेक्षा तुम्हीच बऱ्या." तिकडून काय विचारणा होते ते त्यांना सांगायचं आणि ते देतील तेवढंच पाठवायचं, असं ठरलं. बदल्यात राहण्याचा परवाना, एका वेळी तीनच महिन्यांचा. आपल्या लोकांनाही याचा वास लागला असावा, पण तेही गप्प. अकरा वर्षं मी ना इकडची ना तिकडची. दर तीन महिन्यांनी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहायचं, ते शिक्का शोधत खणांची उघडझाप करणार, आणि मी उघडलेले खण मोजणार.

तुझी आजी गेली तेव्हा मी आले नाही. तू फोन ठेवलास, तो पुन्हा केला नाहीस. बरोबरच केलंस. पण बाहेर पाऊल टाकलं असतं तर इथलं दार बंद झालं असतं, आणि तिकडचं उघडेलच अशी खात्री नव्हती. हे तुला सांगता येत नव्हतं.

मागच्या महिन्यात एक मुलगी दुकानात आली. तुझ्याच वयाची. भिंतीवरची सगळ्यात बारीक ओळसुद्धा तिने धडाधडा वाचली, आणि तरी म्हणाली, "चष्मा हवाय." खुर्चीत बसल्या बसल्या तिची नजर सारखी रस्त्यापलीकडे. मी काय ते समजले. मला न कळवताच आपल्या खात्याने माझ्या जागी ही पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "नवीन कोणी दिसलं का?" वर असंही म्हणाले, की यंदा परवाना कायमचा करून टाकू. नुसती होय म्हणून मान हलवायची होती. मी म्हणाले, कोणी नाही. मग ती मुलगी चष्मा न्यायला आली तेव्हा तिला बिननंबरच्या साध्या काचेचा चष्मा दिला आणि म्हटलं, "हा घाल आणि आजच्या आज निघ. तुझ्या घरी कोणीतरी असेलच ना?" ती रडवेली झाली, पण गेली.

आठ दिवसांत साहेबांना कळलंच. ते चिडले नाहीत. "बाई, तुम्ही माझ्याशी खोटं बोलत नव्हता, म्हणून राहू दिलं होतं," एवढंच म्हणाले आणि देश सोडायला बारा दिवस दिले. आपल्या खात्याला कळवलं, तर उत्तर आलं की अशी कोणी बाई त्यांना माहीत नाही.

म्हणून लिहितेय. एकोणीस तारखेला सकाळी अकराला मी सीमेवरच्या आपल्या चौकीत असेन. माझ्या कागदांवरचं नाव माझं नाही, आणि खऱ्या नावाचा कागद माझ्याकडे नाही. रक्ताच्या नात्यातल्या कोणीतरी समोर येऊन, ही आमची आहे, असं सांगून सही केली तरच मला आत घेतील. तुझ्याशिवाय मला कोणी नाही. माफ कर असं म्हणत नाही, घरी ने असंही म्हणत नाही. सही कर आणि हवं तर तशीच परत जा. पण ये.

तुझीच,
आई