राउटरचा नवा नंबर आणि उपटलेला प्लग

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामीलाही नमस्कार सांगा. तिने विचारलं तर "बरा आहे" एवढंच सांगा, पुढचं वाचून दाखवू नका. मी खुशाल आहे, नोकरी मात्र खुशाल नाही. आमचे साहेब (टेलिफोन एक्स्चेंजात तुमच्या हाताखाली शिकले, तेच) मला काढायच्या बेतात आहेत, आणि त्याआधी तुम्हाला फोन करणार आहेत. तुमच्या शब्दावर ठेवला, म्हणून तुम्हाला विचारून काढणार. एवढी रीतभात आहे त्यांना. तेव्हा त्यांचं ऐकायच्या आधी माझं ऐका.

आमच्याकडे राउटर म्हणून खोकी असतात. गिऱ्हाइकांचं इंटरनेट कुठल्या वाटेनं न्यायचं ते ही खोकी आपसांत बोलून ठरवतात (मीटिंग घेत नाहीत, म्हणून लवकर ठरतं). कोण बोलतंय ते कळावं म्हणून प्रत्येकाला वेगळा नंबर. आता साहेबांना स्वतःच्या हातानं बसवलेल्या पहिल्या खोक्याचं भारी कौतुक. नवं आलं की त्यावर पहिल्याची मांडणी जशीच्या तशी उतरवायची. या खेपेला नंबरासकट उतरवली. झालं! एकाच नंबरानं दोघं बोलायला लागले, बाकीच्यांना कळेना खरा कोण, आणि गिऱ्हाइकांचं इंटरनेट उचकी लागल्यासारखं जायला-यायला लागलं. साहेब म्हणाले, हवामानामुळे असेल.

शेवटी एकाचा नंबर बदलायचा ठरला, पण कुणाला धक्का न लावता. त्यावर मीटिंगांवर मीटिंगा. चष्मेवाली मॅडम (हिला खोक्यांतलं कळतं, म्हणून तिला कोपऱ्यातली खुर्ची) म्हणाली, आधी शेजारच्या खोक्यांना सांगू की इकडची वाट महाग झालीय, दुसरीकडून जा. वर्दळ तिकडे वळली की हे बंद करून चालू करू. बंद केल्याशिवाय नवा नंबर लागत नाही. साहेब म्हणाले, "बंदच करायचं तर मी कशाला हवा?" नवा नंबर टाईप केला, सेव्ह केला, हात झटकले. कुणाला काही जाणवलं नाही. जाणवणार कसं? खोकं जुनाच नंबर सांगत बसलेलं. (बदलीचा हुकूम खिशात घालून जुन्याच खुर्चीत बसणारे तुम्ही कमी पाहिलेत का?)

पण हा धक्का न लागणं मोठ्या साहेबांना इतकं आवडलं, की लगेच आमच्या साहेबांचं भाषण ठेवलं. मला म्हणाले, प्रोजेक्टर लाव. बोर्डावर एक सॉकेट मोकळं असेल तर शपथ. कुठला प्लग काढू विचारलं, तर टाय आवळता आवळता म्हणाले, कुठलाही काढ. काढला. ती वायर पलीकडच्या, खोक्यांच्या खोलीतून आलेली, नेमकी त्या नंबर बदललेल्या खोक्याची. पडद्यावर "एकाही ग्राहकाला कळले नाही" असं उमटलं आणि ऑफिसातले झाडून सगळे फोन वाजायला लागले. मी प्लग परत लावला. खोकं उठलं ते नवा नंबर सांगतच. उचकी थांबली ती थांबलीच. मॅडम माझ्या कानाशी म्हणाली, "झालं बरं का काम."

म्हणजे नंबर न लावल्याबद्दल साहेबांना शाबासकी आणि लावल्याबद्दल मला घरचा रस्ता. मामा, आधीच्या नोकऱ्या मी माझ्या पायानं सोडल्या, त्यांचं दुःख नाही. ही मला हवी आहे. मॅडम मला खोक्यांचं काम शिकवते म्हणालीय, आणि मला काही शिकवायची हिंमत शाळेनंतर कुणी केलेली नाही.

तुमचा,
भाचा

ता.क. साहेबांचा फोन तुम्हीच उचला. मामीनं उचलला तर माझी आधीची सगळी कर्तबगारी त्यांना फुकटात कळेल.

आणखी ता.क. मुख्य सांगायचं राहिलंच. साहेब ओरडत होते तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की खोकं अडलं तर प्लग काढून परत लाव, असं मामांनीच सांगितलं होतं. तुमचं नाव ऐकून साहेब ताडकन उठून उभे राहिले (जुनी सवय असावी). तेव्हा विचारलंच तर "हो, मीच सांगितलं" एवढं म्हणा. तुम्ही रिटायर झालात, तुम्हाला कोण काढतंय?